खवड्याचा हंगाम

दसरा उलटला की खाडीवरचं वारं बदलतं. अंगाला चिकटायचं सोडून कोरडं होतं. मग ओठ फुटतात, टाचा फुटतात, भिंतीचा चुना सुटतो. बाळकुमला आमच्या मिठागराच्या जागी आता उंच इमारती झाल्यात, पण कडेला थोडं खाजण उरलंय. तिथलं पाणी मागे हटलं की चिखलावर पांढरी साय धरते. नातवाच्या गॅलरीतून मला ती दिसते. सकाळी चालायला येणारी माणसं एकमेकांना सांगतात, काय छान थंडी पडलीय. त्यांना छान वाटू दे. मला या थंडीचा राग आहे. तो जुना आहे, आणि इतकी वर्षं आम्ही दोघं मिळून करत होतो. यंदा एकट्याने करायचाय, म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा तिसरीत सुटली. वाक्यं आडवीतिडवी जातील.

माझी बायको चांगुणा या आषाढात गेली. भेटायला येणारे दारात चपला काढता काढताच म्हणतात, सुटली बिचारी. जन्मभर डोक्याने छळलं तिला, आता शांत झाली. असं बोलणाऱ्याला मी चहा देऊ देत नाही. सुनेला वाटतं म्हातारा भ्रमला.

चांगुणाच्या डोक्यात खवडा होता. आता त्याला सोरायसिस म्हणतात, टीव्हीवर त्याची औषधं दाखवतात, गोऱ्या पोरी केस उडवून हसतात. आमच्या वेळी एकच शब्द होता, आणि तो रोगाचा कमी आणि शिवीचा जास्त होता. खवडी. लग्न होऊन ती आंबिवलीहून आमच्याकडे आली तेव्हा तसं काही नव्हतं. केस असे की वेणी घालायला बसली की आधी पाट सरकवून मागे जागा करायला लागायची. स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या थंडीत कानामागे एक चट्टा उठला. मग कपाळाच्या वरच्या रेघेने, मग टाळूवर. जाड, कोरडा, रुपेरी. बोय मासा साफ करताना खवलं उडतात ना, तशी खवलं तिच्या खांद्यावर पडायची. खाजवून एक निघालं की खाली लालभडक कातडी आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. ती डोकं धरून बसायची आणि म्हणायची, आत मुंग्या घर बांधतायत.

मी सांगतोय तो हंगाम त्याच्या पुढच्या थंडीचा.

मिठागरावर पुरुष वाफ्यातलं मीठ लाकडी फळीने ओढून बांधाला लावायचे आणि बायका ते पाट्यांत भरून डोक्यावरून राशीकडे न्यायच्या. मीठ ओलं असायचं. पाटीतून खारं पाणी गळत राहायचं, चुंबळीतून केसांत, केसांतून मानेवर, मानेवरून पाठीवर. धड डोक्याच्या बाईलाही ते झोंबायचं. चांगुणाच्या डोक्यावर सोललेली कातडी. ती पाटी घेऊन निघाली की खालचा ओठ दाताखाली धरायची आणि राशीवर पाटी उलटी केली की सोडायची. मी वाफ्यात पाय रोवून उभा असायचो आणि मला तो ओठ दिसायचा.

पण मिठाने तिचं काम थांबवलं नाही. ते बायकांनी थांबवलं. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. दुसरीने समोरून हात लावायला लागतो. दोघी वाकतात, एकदम उचलतात आणि जिची पाटी ती मान ताठ करून निघते. एकमेकींशी भांडण असेल, कोर्टात दावा असेल, तरी पाटीला हात लावला जायचा. आगरावर एवढा एक धर्म होता. तो त्या हंगामात मोडला. आमची शेजारीण वेसू हिने पहिल्यांदा हात मागे घेतला. म्हणाली, तिच्या डोक्यातला खवडा माझ्या हातावर पडला तर माझ्या पोरांना कोण बघणार. एकीने मागे घेतला म्हणून दुसरीने. चांगुणा भरलेल्या पाटीसमोर उभी, आणि बायका तिच्या बाजूने अशा जायच्या जसं काही बांधावर दगड पडलाय. मुकादम लांबून ओरडला की तिला मिठाजवळ ठेवू नका, पांढऱ्यात पांढरं मिसळलं तर मुंबईची माणसं चवीनं खातील. सगळं आगर हसलं. वेसू तर पोट धरून हसली.

मी फळी टाकून वर आलो आणि पाटीला हात लावला. दादला माणूस बायकोच्या पाटीला हात लावत नसे. ते बायकांचं. त्या दिवसापासून तिची पाटी भरली की मी वाफ्यातून वर यायचो, पाटी चढवायचो, परत खाली जायचो. मला बायकोचा हमाल म्हणायला लागले. म्हणेनात का. माझा राग त्या नावावर नव्हता. ज्या हातांना तिने वर्षभर हात दिला ते हात मागे गेले, यावर होता. अजून आहे. वेसू मरून गेली तरी आहे.

घरी आय होती. माझी आय कमी बोलायची, पण बोलली की दगड टाकल्यासारखं. तिने चांगुणाची फणी वेगळी केली, ताट वेगळं केलं, झोपायची चटई ओटीवर टाकली. मग एका संध्याकाळी मला समोर बसवून सांगितलं, की मीठ उचलून होईपर्यंत ती वाट बघेल. पहिल्या पावसाच्या आत डोकं साफ झालं तर ठीक. नाही झालं तर आंबिवलीहून तिच्या बापाला बोलावणं जाईल, तो तिला घेऊन जाईल, आणि माझ्यासाठी कळव्याची एक मुलगी बघून ठेवलीय. चांगुणा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिच्या हाताचा आवाज एकदा थांबला, मग पुन्हा चालू झाला.

म्हणजे पौषापासून वैशाखापर्यंतचा वेळ. एका बाईच्या डोक्यावर तिचं सगळं घर टांगलेलं.

आधी गावातले उपाय झाले. राख, लिंबू, कडुनिंब. मग आयने स्वतः नेलं कल्याणला, तिथे एक माणूस खरूज-नायट्याचा लेप द्यायचा. हिरवट लेप, त्यात मोरचूद होतं हे मला नंतर कळलं. त्याने सांगितलं की आधी खवलं खरवडून काढा, रक्त आलं तरी थांबू नका, मग लावा. आयने करवंटीच्या कडेने खरवडलं. चांगुणाचं डोकं एवढं सुजलं की डोळे मिटले. आय म्हणाली, घाण बाहेर येतेय. त्या माणसाचं दुकान पुढे चांगलं मोठं झालं असं ऐकलं. देव बघत असतो म्हणतात. काय बघत असतो देव जाणे.

सूज उतरली तेव्हा चांगुणा मला म्हणाली की यापुढे ती कुणाचा लेप लावून घेणार नाही, तिला खऱ्या डॉक्टरकडे न्यायचं. आम्ही आयला न सांगता चालत ठाण्याला गेलो. तलावाच्या बाजूला दवाखाना होता. डॉक्टर वयस्कर, तुसडा. बसा म्हणाला नाही. मला तो लगेच आवडला. चांगुणाने डोक्यावरचा पदर काढला तर म्हणाला, ते राहू दे, आधी कोपर दाखव. कोपराला तिच्या खरखरीत चकत्या होत्या, आम्ही समजायचो कामाने झाल्यात. मग नखं बघितली. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. ते तर आम्ही कधी बघितलेच नव्हते. त्यानंतर डोकं बघितलं, बोटांनी, उघड्या हातांनी. कितीतरी महिन्यांनी तिच्या डोक्याला माझ्याशिवाय कुणी न किळसता हात लावला. तिचे डोळे भरले. त्याला ते दिसलं आणि त्याने तिला दटावलं.

त्याने जे सांगितलं ते असं. हा लागणारा रोग नाही. एका फणीने विंचरा, एका ताटात जेवा, काही होणार नाही. कुणाचा शाप नाही, कुणी केलेलं नाही, घाणीने झालेलं नाही. हिची कातडीच घाईची आहे, जुनी गळायच्या आत नवी वर येते. खाजवलं की वाढणार, खरवडलं की दुप्पट वाढणार, थंडीत वाढणार, काळजीने वाढणार. ऊन चांगलं. आणि मुळातून जाणार नाही. येईल, जाईल, परत येईल.

चांगुणाने विचारलं की जाणारच नसेल तर औषध कशाला.

डॉक्टर म्हणाला, "घरात सासू आहे ना? जाते का ती कुठे? तरी नांदतेसच ना? तसंच हे."

चांगुणा हसली. मोठ्याने, पदर तोंडाला न लावता. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

औषध म्हणजे काळं मलम, डांबराचं. होडीच्या तळाला लावतात त्याचाच वास. निजताना कोमट खोबरेल चोळून खवलं मऊ करायची, सकाळी धुवायची, नखाने नव्हे, बोटाच्या पेरांनी, मग मलम. पण एवढ्या केसांत मलम कातडीपर्यंत पोचणार नाही, केस अगदी बारीक कापा असं तो म्हणाला. त्याला ते सोपं वाटलं.

आमच्यात विधवेचे केस काढायची रीत नव्हती. ती कल्याण-ठाण्याच्या काही घरांत होती, आमच्या बायकांनी ती मीठ विकायला गेल्यावर बघितलेली. रीत दुसऱ्यांची, पण भीती आमच्यात आली. भादरलेल्या डोक्याची बाई म्हणजे नवरा मेलेली, हे आयच्या डोक्यात पक्कं. गावच्या न्हाव्याला विचारलं तर तो हात जोडून म्हणाला, सवाशिणीच्या डोक्याला माझं हत्यार लागणार नाही, माझ्याही घरात माणसं आहेत. मी शिंप्याची कात्री आणली. दुपारी, सगळे सावलीला गेले असताना, आगरावरच्या झोपडीत आम्ही बसलो. माझा हात पुढे होईना. तिने माझ्या हातातून कात्री घेतली, मानेपाशी धरली आणि वेणी कापली. मग कात्री मला परत दिली, जशी दुसऱ्याला फळी देतात तशी, आता तुझी पाळी. कापलेले केस आम्ही भरतीच्या पाण्यात सोडले. तिने वळून बघितलं नाही, मी बघितलं.

घरी गेलो. आयने तिला पाहिलं. ओटीवर मांडी घालून बसली, केस सोडले आणि गळा काढला. माझ्या नावाने. आमच्या बायका मयताला सूर लावून रडतात, गेलेल्याचे गुण सांगतात, तसं. माज्या बाला, मना टाकून कुठं गेलास रं. तुज्या हातची फळी कोन ओढल रं. मी समोर उभा, पायाला चिखल, जिवंत. गल्ली गोळा झाली. लांबून आलेल्या एका म्हातारीला खरंच वाटलं, तीही बसली रडायला. मला बघितल्यावर ती गप्प झाली, मग परत रडायला लागली, बसलीच होती म्हणून. माणसाने आपलं मयत असं ऐकू नये. आय मला ज्या ज्या गोष्टींसाठी चांगला म्हणत होती, त्यातली एकही तिने मला जिवंतपणी कधी सांगितली नव्हती.

चांगुणा आत गेली. थोड्या वेळाने पेजेचा वाडगा घेऊन बाहेर आली, आयच्या समोर ठेवला.

"आय, रडून झाला का? पेज निवते."

आयने वाडगा लाथेने उडवला. पण रडणं थांबलं.

फाल्गुन, चैत्र, वैशाख. ते महिने आठवले की मला आधी वास येतो, डांबर आणि खोबरेल आणि उन्हात तापलेलं मीठ, तिन्हींचा मिळून एक. रोज माझी बोटं तेलकट, तिचं डोकं माझ्या गुडघ्यांमधे. पोरासारखे आखूड केस, त्यावर ती फडकं बांधायची, आणि दुपारी झोपडीच्या मागे फडकं सोडून उन्हाला डोकं द्यायची. आगरावरचं ऊन दोन्हीकडून लागतं, वरून आणि मिठावरून. चट्टे आधी पातळ झाले, मग लालीची गुलाबी झाली, मग ती पण विरली. कानामागे एक डाग राहिला, बोटाएवढा. वैशाखात मीठ उचलायचं शेवटचं काम निघालं तेव्हा तिच्या डोक्यावर दोन बोटं केस होते आणि खाली साधी, सावळी, माणसाच्या डोक्यासारखी कातडी.

सांगितल्याप्रमाणे तिचा बाप आला. आयनेच माणूस पाठवलेला, आधीच, खात्रीने. बाप बिचारा ओटीच्या खाली बसला, वर नाही. चांगुणाचं गाठोडं आयने बांधून ठेवलेलं. वेसू आणि आणखी चारपाच जणी तमाशा बघायला आल्या. आयने चांगुणाला पुढे बोलावलं, फडकं सोडायला लावलं, आणि तिचं डोकं दोन्ही हातांनी इकडे तिकडे फिरवून बघितलं, बाजारात कलिंगड बघतात तसं. मग म्हणाली की साफ झालंय. तिने देवीला बोकड बोललेला, देवीने ऐकलं. बापाने जेवून परत जावं. गाठोडं सोडा. वेसू म्हणाली, मी तरी म्हणत होते, एवढी काही वाईट नाही ती. बाप रडायला लागला. सगळं निस्तरलं होतं. मी गप्प बसलो असतो तर त्या दिवशी घरात गोडाचं झालं असतं.

मला गप्प बसता आलं नाही. मला त्या डॉक्टरचा चेहरा दिसत होता. ही आज साफ म्हणून घरात. मार्गशीर्षात खवलं पडायला लागली की परत गाठोडं, परत बाप. दर थंडीला एका बाईने ओटीवर उभं राहून डोकं दाखवायचं, आणि दुसऱ्यांनी ठरवायचं तिला ताट द्यायचं का नाही.

मी म्हणालो, "ही बरी नाय झाली. थंडीत परत येल. मरंपर्यंत येत ऱ्हाल. तवा कं करशील, ता आताच सांग."

आयने माझ्याकडे बघितलं. तिने मला आधीच रडून घेतलेलं, त्यामुळे तिला आता काही वाटायचं कारण नव्हतं. ती म्हणाली की परत आलं तर परत जाईल. मी म्हणालो, मग मीही जातो. तिने गाठोडं उचलून माझ्या अंगावर फेकलं.

आम्ही आगरावरच्या झोपडीत राहायला गेलो. मीठ उचललेलं, सगळीकडे चिखल आणि खेकडे. मला वाटलं होतं चांगुणा मला काहीतरी बरं बोलेल. ती माझ्यावर संतापली होती. एकदा भांडी घासता घासता बोलली.

"तुना एक वरीस गप बसता नाय आला? एक वरीस मना कोनी घानेरडी बोललं नसता."

तिचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. दोन्ही बरोबर असली की भांडण लांबतं. ते अख्खा पावसाळा चाललं, माडाच्या झावळ्यांच्या गळक्या झापांखाली. तिने तेल लावून घेणंही बंद केलं, गरजही नव्हती. आय पुढे बारा गावांना सांगत फिरली की सुनेने मुलगा तोडला. ती शेवटी आजारी पडली तेव्हा चांगुणाने तिची सेवा केली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. नाही केली. मी गेलो, मी केलं. चांगुणा अंगणात उभी राहिली, आणि आयने तिला आत बोलावलं नाही, आणि मीही बोलावलं नाही. काही माणसांचं शेवटपर्यंत जमत नाही. ते लपवून ठेवण्यात काय शहाणपण.

त्या वर्षीची थंडी आली. दसरा गेला, दिवाळी गेली, वारं फिरलं. वाफे परत बांधायचे होते, मी कुदळ घेऊन दारात उभा होतो. चांगुणा विंचरत बसलेली, केस मानेपर्यंत आलेले. तिचा हात मधेच थांबला. तिने खांद्यावरून काहीतरी चिमटीत उचललं, उजेडात धरलं, आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढे केलं. एक रुपेरी खवलं.

"आली बग तुजी पाहुनी," ती म्हणाली. मग फणी खाली ठेवून, "तेल तापव. ती कुदळ पळून नाय जात."

माझ्यावरचा राग तेवढ्यात गेला. तिने बाहेर बघितलं. बांधावरून कुणी येत नव्हतं, कुणी गाठोडं बांधत नव्हतं, तिला कुणापुढे उभं राहायचं नव्हतं. ती पाटावर बसली, डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. मी कुदळ खाली ठेवली आणि चूल पेटवली.

पुढे आगर गेलं, जमिनीचे व्यवहार झाले, मुलं झाली, केस वाढले, पिकले, गळले. डांबराचं मलम जाऊन ट्यूब आल्या, शाम्पू आले. तो डॉक्टर कधीच वारला. काही थंड्या सोप्या गेल्या, काहींनी रडवलं. ती पाहुणी यायची ती यायचीच. आम्ही तिची वाट बघायचो नाही, पण तयारीत असायचो, कार्तिकात खोबरेल भरून ठेवायचो. आम्हाला काय आवडत होती ती? नाही. पण चांगुणाचं डोकं तिच्यासकट चांगुणाचं होतं, आणि माझ्या हातांना ते तसंच पाठ होतं.

आणि लोक येऊन मला सांगतात, सुटली.

परवा सुनेने माझ्या बिछान्याची चादर झटकली, खिडकीच्या उजेडात. मी बघत होतो. वारं फिरलंय, मार्गशीर्ष लागलाय, माझे ओठ फुटलेत. चादरीतून काही पडलं नाही. चांगुणाची उशी पण झटकली, त्यातूनही काही पडलं नाही. सून म्हणाली, बाबा, यंदा घर किती स्वच्छ राहतंय.